२१४७४८३६४७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातून पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुलं, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, हायस्कूलचे शिक्षक आणि सोसायट्यांमध्ये संगणकाचं काम बघणारे लोक या एका संख्येबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लिहिण्याच्या सोयीसाठी '^' ही खूण घातासाठी वापरली आहे, म्हणजे २^५ = ३२. आणि 'म' म्हणजे प्रत्येक ठिकाणी २१४७४८३६४७.

१. हा आकडा वाचायचा कसा आणि त्याला एवढं महत्त्व का?

आपल्या पद्धतीने २,१४,७४,८३,६४७ : दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. ही संख्या २^३१ − १ एवढी आहे आणि ती मूळ आहे (कन्नड माध्यमातली मुलं जिला अविभाज्य म्हणतात तीच). मूळ संख्यांच्या रांगेत तिचा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा. या आकाराच्या दुसऱ्या मूळ संख्येबद्दल कुणी विचारत नाही, हिच्याबद्दल विचारतात. कारण एकच, दोनाच्या घातापेक्षा ती बरोबर एकाने कमी आहे. द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीने ३१ वेळा १ येतो, शून्य एकही नाही. खालच्या उत्तरांत जे काही चमत्कारिक वाटेल त्याचा उगम बहुतेक वेळा इथेच सापडेल.

२. शेवटी ७ आहे आणि ३ ने भाग जात नाही, म्हणजे मूळच ना? मग आमचा पिनकोडसुद्धा मूळ असेल का?

नाही. शेवटचा अंक आणि अंकांची बेरीज यांवरून फक्त २, ३, ५ (आणि ९) यांची भानगड मिटते, पुढचं काहीच कळत नाही. पिनकोडच घेऊ. बेळगाव ५९०००१ : अंकांची बेरीज १५, म्हणून ३ ने भाग जातो (३ × १९६६६७). चिकोडी ५९१२०१ ची बेरीज १८ आणि निपाणी ५९१२३७ ची २७, दोन्ही ९ च्या पटीत. खानापूर ५९१३०२ सम आहे. हे चारही पाच सेकंदांत निकाली निघतात.

गोकाक ५९१३०७ मात्र फसवतो. शेवटी ७, बेरीज २५. सातने भागा, बाकी ३. अकराने २, तेराने २, सतराने १३, एकोणीसने ८. इथवर येऊन बहुतेक मुलं 'मूळ' लिहून मोकळी होतात. पण २३ ने भागल्यावर बाकी शून्य येते : २३ × २५७०९. नियम असा की संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं. ५९१३०७ साठी ती हद्द ७६८. त्याच्या आत थांबलात तर उत्तर अर्धवट.

म च्या अंकांची बेरीज ४६ आहे, म्हणून ३ ने भाग जात नाही. त्यापलीकडे त्या बेरजेतून काही मिळत नाही.

३. म मूळ आहे हे साधा भागाकार करून तपासायचं तर किती भागाकार?

म चं वर्गमूळ ४६३४० आणि थोडं वर. तिथपर्यंत मूळ संख्या जवळजवळ ४८०० आहेत. संगणकाला हे काम डोळ्याची पापणी लवेपर्यंतचं. लिनक्स असेल तर 'फॅक्टर' ही आज्ञा देऊन पुढे संख्या टाका. उत्तरात तीच संख्या एकटी परत आली की ती मूळ. स्वतः प्रोग्राम लिहिणार असाल तर आधी प्रश्न ८ वाचा, तिथे बरेच जण अडकतात.

४. ऑयलरच्या काळात संगणक नव्हता. मग त्याने हे हाताने कसं केलं?

म मूळ आहे हा निकाल गणिती ऑयलरने १७७२ मध्ये बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात कळवला. त्याने भागाकार केलेच, पण बहुतेक भाजक आधीच बाद करून. ती युक्ती हायस्कूलच्या पलीकडची असली तरी पीयूसीच्या मुलाला कळण्यासारखी आहे.

समजा 'भ' ही मूळ संख्या म ला निःशेष भागते. म्हणजे २^३१ ला भ ने भागल्यावर बाकी १. ३१ स्वतः मूळ असल्याने, २ चा ज्या लहानात लहान घाताला बाकी १ येते तो घात ३१ च असला पाहिजे. फर्माच्या नियमाने २^(भ−१) ची बाकीही १ असते, म्हणून भ−१ ला ३१ ने भाग जायलाच हवा. भ विषम आहे, म्हणून ६२ नेही. ही पहिली चाळण : भ = ६२क + १.

दुसरी चाळण. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग. म्हणजे भ च्या हिशेबात (भ ने भागून फक्त बाकी धरली तर) २ हा एक वर्ग झाला आणि असं तेव्हाच होतं जेव्हा भ ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ राहते. दोन्ही अटी जुळवल्या की भ फक्त २४८क + १ किंवा २४८क + ६३ या रूपाचा उरतो.

४६३४० च्या आत अशा संख्या जास्तीत जास्त ३७२ (६३ स्वतः मूळ नाही म्हणून सोडली). त्यातल्याही कित्येक संयुक्त आहेत : २४९ म्हणजे ३ × ८३, ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३. खरा पहिला भागाकार ३११ ने, बाकी ३५. त्यानंतरचा थेट १३०३ ने, बाकी २२६. ही दोन उदाहरणं वहीवर करून बघा, मग पुढच्या कामाचा अंदाज येईल. कष्टाचं आहे, अशक्य नाही.

त्याआधीची विक्रमी मूळ संख्या ६७००४१७ ही ऑयलरच्याच कामातून आली होती, २^३२ + १ = ६४१ × ६७००४१७ या फोडीतून. म चा विक्रम १८६७ पर्यंत टिकला, असं सहसा सांगितलं जातं. त्या वर्षी लँड्रीने २^५९ − १ चे अवयव पाडले आणि त्यातला मोठा अवयव ३२०३४३१७८०३३७ पुढे गेला.

५. घातांक मूळ असला की २^प − १ मूळ, असा नियम आहे ना?

उलटा नियम खरा आहे. २^प − १ मूळ असेल तर प मूळ असतोच. प संयुक्त असेल तर फोड आपोआप दिसते : २^१५ − १ = ३२७६७, १५ = ३ × ५, म्हणून त्याला २^३ − १ = ७ आणि २^५ − १ = ३१ दोघांनीही भाग जातो (७ × ३१ × १५१).

पण प मूळ असून भागत नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. २^२३ − १ = ८३८८६०७ = ४७ × १७८४८१. २^२९ − १ = २३३ × ११०३ × २०८९. यात मोठमोठे लोक चुकले आहेत. कॅताल्दीने २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घातांक मूळ संख्या देतात असं सांगितलं, खरा निघाला तो फक्त ३१. मर्सेनने १६४४ मध्ये दिलेल्या यादीत ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. तरी या प्रकारच्या संख्यांना नाव मर्सेनचंच. म ही त्यातली आठवी : घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९ आणि मग ३१.

६. लुकास–लेहमर चाचणी पायरीपायरीने सांगाल का?

४ पासून सुरुवात. प्रत्येक पायरीला आधीच्या संख्येचा वर्ग करा, २ वजा करा, मग २^प − १ ने भागून फक्त बाकी ठेवा. अशा प − २ पायऱ्या. शेवटी शून्य आलं तर २^प − १ मूळ, नाही तर संयुक्त. प विषम मूळ संख्या असली पाहिजे, एवढीच अट.

प = ७, संख्या १२७, पायऱ्या ५ : ४ → १४ → ६७ → ४२ → १११ → ०. मूळ.

प = ११, संख्या २०४७, पायऱ्या ९ : ४ → १४ → १९४ → ७८८ → ७०१ → ११९ → १८७७ → २४० → २८२ → १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. चाचणी संयुक्त म्हणते, पण २३ आणि ८९ हे अवयव मात्र सांगत नाही. त्यासाठी प्रश्न ४ मधली चाळणच लावावी लागते.

म साठी २९ पायऱ्या : ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, … आणि शेवटून दुसरी संख्या ६५५३६. तिचा वर्ग वजा २ म्हणजे ४२९४९६७२९४, जे बरोबर २ × म आहे. बाकी शून्य.

मुलं दोन चुका हमखास करतात. एक, पायऱ्या मोजताना सुरुवातीचा ४ सुद्धा पायरी म्हणून धरतात. दुसरी, मध्येच शून्य येतं का बघत बसतात. निकाल ठरलेल्या शेवटच्या पायरीवरच पाहायचा.

७. एक्सेलमध्ये हीच चाचणी केली, शेवटी शून्य येत नाही. चाचणी चुकीची आहे का?

चाचणी बरोबर, एक्सेल अपुरं. त्यात संख्येचे पहिले १५ अंकच खात्रीचे, पुढे शून्यं भरली जातात. म चा वर्ग खरा ४६११६८६०१४१३२४२०६०९. एक्सेल दाखवतं ४६११६८६०१४१३२४२००००. वरच्या चाचणीत १४१६३१७९५४ चा वर्ग करताच १९ अंकी संख्या येते, म्हणजे त्या पायरीपासून पुढचं सगळं बिघडलं. साध्या कॅल्क्युलेटरचंही तेच. पायथॉन वापरा, त्यात पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही. सी किंवा जावा वापरत असाल तर ६४ बिटांचा प्रकार घ्या. म पेक्षा लहान कोणत्याही संख्येचा वर्ग त्यात मावतो.

८. सर, लॅबमध्ये लिहिलेला जावाचा प्रोग्राम बाकी सगळ्या संख्या बरोबर सांगतो, पण हिलाच 'मूळ नाही' म्हणतो. का?

तुमच्या लूपची अट बहुधा 'इ × इ ≤ न' अशी आहे आणि 'इ' हा ३२ बिटांचा पूर्णांक आहे. या प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे खुद्द म. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, तो मावतो. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१, तो मावत नाही, गुंडाळून −२१४७४७९०१५ होतो. ऋण संख्या म पेक्षा लहानच, म्हणून लूप थांबत नाही. थांबणार तरी कसा? ३२ बिटांतली कोणतीही संख्या म पेक्षा मोठी होऊच शकत नाही, तेव्हा अट कायमची खरी. 'इ' वाढत वाढत शेवटी स्वतः म होतो, म ला म ने भाग जातो आणि प्रोग्राम म्हणतो, भाजक सापडला!

उपाय सोपा : अट 'इ ≤ न ÷ इ' अशी लिहा, किंवा 'इ' ६४ बिटांचा घ्या. सी मध्ये असं ओव्हरफ्लो झाल्यावर काय होईल याची भाषाच हमी देत नाही, त्यामुळे तिथे एका मशीनवर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक असंही घडतं. प्रोग्राम तपासायला म ही अगदी उत्तम संख्या आहे, ती याच कारणासाठी.

९. फर्माची चाचणी पाया २ घेऊन केली, बाकी १ आली. सिद्ध झालं ना?

काहीच सिद्ध झालं नाही. (ही चाचणी म्हणजे २^(न−१) ला न ने भागून बाकी १ येते का ते बघणं.) प मूळ असला की २^प − १ ही चाचणी पाया २ ला नेहमीच पास होते, संयुक्त असली तरी. २०४७ बघा : २^११ ची बाकी १, २०४६ = ११ × १८६, म्हणून २^२०४६ ची बाकीही १. आणि २०४७ तर २३ × ८९. मिलर–रॅबिन ही जास्त कडक चाचणीसुद्धा पाया २ ला ज्या सर्वांत लहान संयुक्त संख्येवर फसते ती २०४७ च. म च्या आकाराला मिलर–रॅबिन पाया २, ३, ५ आणि ७ असे चारही घेऊन करा. ३२१५०३१७५१ च्या खालच्या संख्यांना हे चार पाये पुरतात आणि निकाल पक्का असतो.

१०. हिची जुळी (दोनाच्या फरकाची) मूळ संख्या आहे का?

नाही. म − २ च्या शेवटी ५ आहे. म + २ = २१४७४८३६४९ = ३ × ७१५८२७८८३ (यातला दुसरा अवयव स्वतः मूळ आहे, पण जुळी होण्यासाठी त्याचा उपयोग नाही). मागची मूळ संख्या २१४७४८३६२९, पुढची २१४७४८३६५९. म्हणजे मागे १८ चं अंतर, पुढे १२ चं.

२म + १ = २^३२ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, तेव्हा त्या बाजूलाही मूळ संख्या नाही. उलटी लिहिली तर शेवटी २ येतो, सम.

११. म − १ चे अवयव कशाला लागतात?

म − १ = २१४७४८३६४६ = २ × ३^२ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. याचा उपयोग दोन ठिकाणी. पहिला म्हणजे मूळपणाचा आणखी एक स्वतंत्र पुरावा. ७ चा (म−१) वा घात घेतला की बाकी १, आणि (म−१) ला २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ यांपैकी कोणत्याही एकाने भागून तो घात घेतला तर बाकी १ येत नाही. संयुक्त संख्येच्या बाबतीत हे दोन्ही एकदम होऊच शकत नाही. याचाच दुसरा अर्थ असा की ७ चे घात घेत गेलं तर १ पासून म − १ पर्यंतची प्रत्येक बाकी एकदा भेटते. २ च्या घातांना मात्र फक्त ३१ बाक्या मिळतात, कारण २^३१ ला परत १.

दुसरा उपयोग प्रश्न १६ मध्ये.

१२. 'म च्या हिशेबात २ चं वर्गमूळ ६५५३६' असं वाचलं. हा काय प्रकार?

म ने भागून बाकी ठेवायची असा हिशेब धरला तर ६५५३६ × ६५५३६ = २^३२, आणि २^३१ ची बाकी १ असल्याने २^३२ ची बाकी २. म्हणून ६५५३६ हे २ चं वर्गमूळ. प्रश्न ६ मधली शेवटून दुसरी संख्या हीच होती, तो योगायोग नव्हे.

इतर संख्यांसाठीही कृती आहे. म ला ४ ने भागून बाकी ३ राहते, त्यामुळे एखाद्या 'अ' चं वर्गमूळ अ^(२^२९) या घाताने मिळतं, म्हणजे नुसता २९ वेळा वर्ग करत जायचं. आलेल्या उत्तराचा वर्ग करून पडताळा घ्यायलाच हवा. १ ते म−१ मधल्या निम्म्याच संख्यांना वर्गमूळ असतं. ज्यांना नसतं त्यांच्यासाठी ही कृती गुपचूप −अ चं वर्गमूळ देते. −१ ला इथे वर्गमूळ नाही, आणि त्याच कारणाने म दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. कितीही शोधा.

पुढे जाणाऱ्यांसाठी एक सुंदर गोष्ट : याच हिशेबात क्ष^२ + य^२ = १ ला किती जोड्या समाधान करतात? बरोबर म + १, म्हणजे २^३१. त्या जोड्यांचा गट निम्मा, मग त्याचा निम्मा, असा ३१ वेळा करता येतो. गणिती पुरावे संगणकाकडून झटपट तपासून घेण्याच्या 'सर्कल स्टार्क' या २०२४ मधल्या पद्धतीचा पाया हाच.

१३. परिपूर्ण संख्येशी संबंध?

२^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८. स्वतःला सोडून बाकी सर्व भाजकांची बेरीज पुन्हा तेवढीच. ६, २८, ४९६, ८१२८ या रांगेतली ही आठवी. १८११ मध्ये बार्लोने लिहिलं होतं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही, कारण त्यांचा काही उपयोग नाही. १८७६ मध्ये लुकासने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं आणि ३९ अंकी मूळ संख्येसोबत नवी परिपूर्ण संख्याही आली.

१४. आमच्या सौहार्द सहकारी सोसायटीच्या यादीत शेकडो सभासदांचा मोबाईल नंबर २१४७४८३६४७ दिसतो. हॅकिंग आहे का?

नाही. नंबरचा रकाना 'इंट' प्रकारचा ठेवला आहे, म्हणून असं झालं. तो ३२ बिटांचा, त्याची कमाल मर्यादा म. आपले मोबाईल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळेच सहाशे कोटींच्या वरचे. एकही मावत नाही. मायएसक्यूएल (यादी साठवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर) कडक पद्धतीवर लावलेलं नसेल तर ते तक्रार न करता मोठी संख्या कापून म वर आणून ठेवतं. फक्त एक सूचना देतं, ती सहसा कुणी वाचत नाही.

काय करायचं : आधी नवीन नोंदी थांबवा आणि बॅकअप घ्या. मग रकान्याचा प्रकार बदलून मजकूर करा ('व्हारकॅर', १५ अक्षरं पुरेत). 'अनसाइन्ड इंट' करून भागत नाही, त्याची मर्यादा ४२९४९६७२९५, तीही कमीच. 'बिगइंट' मध्ये मोबाईल मावेल, पण ०८३१ ने सुरू होणाऱ्या लँडलाइनचं पुढचं शून्य गळून पडेल. फोन नंबरची कधी बेरीज करायची नसते, तो मजकूरच. शेवटी सर्व्हरची कडक पद्धत चालू करा.

प्रकार बदलल्याने जुने नंबर परत येणार नाहीत. ते कापले गेले तेव्हाच गेले. केवायसीचे कागद किंवा जुनी एक्सेल यादी यांवरूनच पुन्हा भरावे लागतील. आणि तोवर त्या नंबरला एसएमएस पाठवणं बंद ठेवा.

१५. २०३८ साली संगणक बंद पडणार म्हणतात, ते हेच का?

हीच संख्या, पण 'बंद पडणार' ही अतिशयोक्ती. अनेक जुन्या प्रणाली वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या ग्रीनविच मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत, आणि तो आकडा ३२ बिटांत ठेवतात. म सेकंद म्हणजे २४८५५ दिवस, ३ तास, १४ मिनिटं, ७ सेकंद. आपल्या घड्याळाने ते होतात मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला अशा प्रणालीत तारीख डिसेंबर १९०१ वर उडी मारते. ६४ बिटांच्या नव्या प्रणालींना हा त्रास नाही. जुनी हजेरी यंत्रं, मीटर, कंट्रोलर यांची काळजी करा. आणि पंधरा-वीस वर्षं मुदतीच्या कर्जाचे हप्ते मांडणारं जुनं सॉफ्टवेअर असेल तर त्याला २०३८ उजाडायची गरज नाही, ते आजच अडखळू शकतं. २०३९ ची तारीख टाकून बघा.

१६. रँडम आकडे काढायला ही संख्या कशी वापरतात?

जुनी आणि गाजलेली कृती : आधीच्या आकड्याला १६८०७ ने गुणा, म ने भागून बाकी ठेवा. १ पासून सुरू केलं तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असं येतं. तुमचा प्रोग्राम बरोबर आहे का ते बघायला १०,००० वेळा चालवा, १०४३६१८०६५ आलं पाहिजे.

१६८०७ च का? ते ७^५ आहे. ७ चे घात सगळ्या बाक्यांतून फिरतात (प्रश्न ११), आणि म−१ च्या अवयवांत ५ नाही, म्हणून ७^५ चेही फिरतात. ७^३ = ३४३ घेतलं असतं तर ३ हा अवयव आडवा आला असता आणि फेरा एक-तृतीयांशावर, ७१५८२७८८२ वर, आटोपला असता. सुरुवात शून्यापासून कधीच करू नका, शून्यच येत राहील.

बाकी काढायला भागाकारही लागत नाही. गुणाकाराला २^३१ ने तोडा आणि दोन्ही तुकडे मिळवा, नवाच्या ताळ्यात अंकांची बेरीज करतो तसंच. २८२४७५२४९ × १६८०७ = ४७४७५६१५०९९४३ यात वरचा तुकडा २२१०, खालचा १६२२६४७८६३, बेरीज १६२२६५००७३. बेरीज म किंवा त्याहून मोठी आली तर एकदा म वजा करायचा.

खेळ, नमुना निवड, सराव यांना ही कृती ठीक. ओटीपी किंवा पासवर्डला अजिबात नाही : एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

१७. यूपीआय, नेटबँकिंगच्या कुलुपात ही संख्या असते का?

नाही. त्यासाठी लागणाऱ्या मूळ संख्या सुमारे ३०० अंकी आणि कुणाला न कळणाऱ्या असाव्या लागतात. म दहा अंकी आहे आणि जगजाहीर आहे. मर्सेन प्रकारच्या संख्या सुरक्षेच्या कामात उघडपणे वापरल्या जातात, उदाहरणार्थ २^५२१ − १ वर आधारलेला एक प्रमाणित वक्र, पण तिथे गुपित दुसरीकडे असतं. मूळ संख्या फक्त हिशेब कशात करायचा ते ठरवते.

१८. ३ वरून ७ (२^३ − १), ७ वरून १२७, १२७ वरून पुढची मूळ संख्या मिळते. मग २^म − १ सुद्धा मूळ असणार ना?

नाही. त्या संख्येत ६४,६४,५६,९९३ अंक आहेत, तरी तिचा एक भाजक सापडला आहे : २९५२५७५२६६२६०३१. प्रश्न ४ मधली पहिली अट इथेही लागू, भाजक २ × क × म + १ या रूपाचा हवा. क = ६८७४५ घालून बघा, जुळतं.

१९. आज सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या कोणती, आणि घरच्या संगणकावर आम्ही शोधू शकतो का?

२^१३६२७९८४१ − १, अंक ४,१०,२४,३२०. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी 'गिम्प्स' या सामूहिक शोधातून ती मिळवली. भाग कुणालाही घेता येतो. 'प्राइम९५' हा मोफत प्रोग्राम उतरवा, खातं उघडा, तो स्वतःच एक घातांक मागून घेतो. एका घातांकाला साध्या डेस्कटॉपवर कित्येक दिवस लागतात. काम ठरावीक वेळाने डिस्कवर साठवलं जातं (सुरुवातीला दर ३० मिनिटांनी), त्यामुळे हेस्कॉमची वीज गेली तरी जास्तीत जास्त तेवढंच वाया जातं. जिथे वीज वारंवार जाते तिथे हे अंतर १० मिनिटांवर आणा. लॅपटॉपवर शक्यतो चालवू नका. प्रोसेसर दिवसरात्र पूर्ण क्षमतेने तापतो, पंख्यात धूळ असेल तर मशीन आपोआप मंदावतं आणि गणितात चुका शिरू शकतात.

बक्षिसाचं म्हणाल तर नवी मर्सेन मूळ संख्या सापडल्यास गिम्प्सकडून ३००० डॉलर मिळतात. दहा कोटी अंकांच्या पहिल्या मूळ संख्येला इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने १,५०,००० डॉलर जाहीर केले आहेत, पण तेवढ्या मोठ्या घातांकाला एकेका चाचणीचा वेळ अनेक पटींनी वाढतो आणि त्यातली बहुतेक संयुक्तच निघतात. विजेचं बिल धरून हिशेब केलात तर धंदा म्हणून हे परवडणारं नाही.